सायकलवर राहिलेलं रीळ

दि. ३ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पार्सल काल दुपारी पोचलं. आत लोकरी मोजे दोन जोड, तुझ्या शाळेतल्या मुलांनी काढलेलं तुमच्या बेटाचं चित्र एक, आणि बोटीची तिकिटं दोन, अठ्ठावीस एप्रिलची. तू टपाल कमी भरलंस, म्हणून पोस्टमनला वरचे साडेचार द्यावे लागले. मुलांना गणित शिकवतेस आणि तुला पार्सलाचं वजन करता येत नाही? असो.

मोजे दोन्ही ठेवून घेतले. तिकीट मात्र एक परत पाठवते आहे. रागावू नकोस. दुसरं तुझ्या भाऊजींचं. थिएटर बंद झाल्यापासून त्यांना घर खायला उठतं. एकतीस वर्षं सिनेमाचं मशीन चालवलं, भिंतीतल्या वहीएवढ्या खिडकीतून जगातली जंगलं, वाळवंटं, बर्फाचे डोंगर पाहिले, आणि स्वतः गेले कुठवर, तर स्टेशनपर्यंत, रिळांचे डबे उतरवून घ्यायला! तुझी तिकिटं आली तशी यांनी पाठीवरच्या पिशवीत सहा विटा भरल्या आणि गच्चीवर फेऱ्या घालायला लागले. सराव म्हणे. शेजारीण विचारून गेली, बांधकाम काढलंय का म्हणून.

तू बारा वर्षं बोलावतेस आणि मी बारा वर्षं कंबर दुखते असं लिहिते. आता कंबरेलाच लाज वाटायला लागली, तेव्हा खरं सांगते. माझ्या लग्नाला तीन आठवडे झाले होते. यांनी पास दिला आणि मी थिएटरात जाऊन बसले. कोणी एक माणूस हिरवी पिशवी घेऊन एकटाच होडीतून निघतो, नकाशात नसलेलं बेट शोधायला. घरी त्याची बायको खिडकीत. मग ते वादळ. डोलकाठी मोडली, होडी उलटली, नुसतं काळं पाणी राहिलं, आणि दिवे लागले. लोक ओरडत होते. मी कोणाशी न बोलता घरी आले आणि देवापुढे बसले. त्यानंतर मी सिनेमाही पाहिला नाही आणि पाण्यावरही गेले नाही.

यांना आता अडवणार नाही. पण दोघं एका बोटीत नकोत. दार उघडायला घरी कोणीतरी असावं.

तुझ्यावरची माया तिकिटाबरोबर परत केलेली नाही, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
ताई

दि. ११ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वर्गात उघडलं आणि मुलांना पाढे लिहायला लावून तीनदा वाचलं. अगं ताई, दिवे लागले तिथे सिनेमा संपत नाही! त्यानंतर आणखी एक अख्खं रीळ आहे. तो सिनेमा आपल्या माहेरी लागला तेव्हा मी बारा वर्षांची होते. शाळा बुडवून दोनदा पाहिला. आईला तेव्हा पोटात दुखतंय म्हणून सांगितलं होतं, म्हणजे खोटं दुखणं सांगायचं आपल्या दोघींच्या रक्तातच आहे. त्या सिनेमापायीच मी मोठी झाल्यावर दीपगृह असलेल्या बेटावरची ही नोकरी मागून घेतली. आणि तू त्याच सिनेमापायी माझ्याकडे येत नाहीस!

शेवट मी सांगत नाही. मशीन चालवणारा माणूस तुझ्या घरात बसलाय, त्याला विचार. तुझं तिकीट मी बोटवाल्यांना परत करत नाही, डब्यात जपून ठेवलंय.

भाऊजींना सांग, विटा चारच पुरेत. प्रेम आहे तसंच राहू दे, कंबर मात्र बदल.

तुझी,
धाकटी

दि. १७ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. हे वीट हातात घेऊन उभे होते, ती पायावर पडता पडता राहिली. मग सगळं सांगायला बसले.

झालं होतं असं. तेव्हा गावातल्या दोन थिएटरांत मिळून सिनेमाची एकच प्रत असायची. स्टेशनजवळच्या थिएटरात एक रीळ संपलं, की सायकलवाला ते आमच्याकडे घेऊन यायचा. त्या दिवशी शेवटचं रीळ घेऊन येताना त्याची साखळी तुटली. वाट पाहून मालकाने दिवे लावले आणि सगळ्यांना दुसऱ्या दिवसाचे पास वाटले. लोक ओरडत होते ते त्यासाठी! मी तोवर घरी पोचले होते. यांना वाटलं, हिला सिनेमा आवडत नाही. मला वाटलं, हे रोज तो बुडणारा माणूस बघतात आणि तरी जेवतात कसे. साऱ्या गावाने शेवट पाहिला, मशीनवाल्याच्या बायकोने तेवढा नाही. सांग, हसू की रडू?

पण बोटीत बसवायला हे काहीही सांगतील, अशीही शंका येते. म्हणून मी जमाखर्च जुळवते तसं करायचं ठरवलं. यांना शेवट कागदावर लिहायला लावला, न वाचता पाकिटात बंद केला आणि देवाच्या फळीवर ठेवला. आता तू तुझ्या हाताने लिही. एकमेकांना विचारायचं नाही. दोन्ही जुळले तर बघू.

आठवेल तेवढंच लिही, पदरचं घालू नकोस.

तुझीच,
ताई

दि. २६ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

आज्ञेप्रमाणे लिहिते. सकाळ होते, समुद्र शांत. तो डोलकाठीच्या तुकड्याला धरून तरंगतोय. हिरवी पिशवी अजून पाठीवर. दूर दीपगृह दिसतं. दीपगृहवाला आणि त्याची म्हातारी आई त्याला ओढून काढतात. हेच ते त्याच्या नकाशात नसलेलं बेट. तो बरा होतो, बेटाचा नकाशा काढतो, मोठ्या बोटीने परत येतो. घरचं दार बायको उघडते, हाताला पीठ. ती त्याच्या कानातली वाळू झटकते. तो पिशवी खुंटीला अडकवतो. पडद्यावर ती खुंटी दिसत राहते आणि समाप्त. शपथेवर सांगते, खुंटीच शेवटची. मी घरी येऊन तशीच खुंटी ठोकली होती आणि आईचा मार खाल्ला होता.

आता तुझा निकाल कळव. इथे मुलांना सांगून बसलेय की माझी ताई येणार, म्हणून ती मला खोटं पाडायला टपली आहेत.

वाट बघणारी,
धाकटी

दि. २ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आल्यावर दिवा लावला, हात जोडले आणि यांचं पाकीट फोडलं. यांचं लिहिणं मशीनवाल्याचं. पहिलं मिनिट सकाळ. तिसरं मिनिट दीपगृह. सातवं मिनिट म्हातारी. चौदावं मिनिट दार, हाताला पीठ. वाळूसुद्धा जुळली. मला बाई भरून आलं. एकतीस वर्षं मी ज्या माणसासाठी देवाजवळ बसले तो केव्हाच घरी पोचला होता!

फरक एकाच ठिकाणी पडला. तुझ्या कागदावर तो पिशवी खुंटीला अडकवतो. यांच्या कागदावर तो बायकोच्या हातात दुसरी पिशवी देतो, ती पीठ झटकते, दाराला कुलूप लावते आणि दोघं बंदराकडे चालू लागतात.

सगळ्या ओळींना मिनिट आहे. या एका ओळीला नाही.

मी यांना काही म्हटलं नाही. दोन्ही जुळलं, एवढंच सांगितलं. हे लगेच उठले आणि विटांची पिशवी रिकामी करायला गच्चीवर गेले. हिशेबात मी आजवर एका पैशाची चूक चालू दिली नाही, हे तुला ठाऊक आहे. ही एक चालू देणार आहे.

कुलपाला तेल घालून ठेवलं आहे. किल्ली शेजारणीकडे देईन. मोजे बोटीत घालीन. आता माझं तिकीट रजिस्टरने पाठव, टपाल पुरेसं लाव, आणि बोटीत मधल्या बाजूला बसायला मिळतं का ते उलट टपाली कळव.

तुझी,
ताई