सबवूफरखाली काय घालावं

दांडिया बाजार, बडोदे
१५ मे २००१

प्रिय हेरंब,

सप्रेम नमस्कार. मोहनावहिनींना नमस्कार सांग आणि उत्कर्षच्या परीक्षेचं काय झालं तेही कळव. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. ऊन मी म्हणतंय. काकूंच्या मनगटाचं प्लॅस्टर निघायला अजून अडीच आठवडे आहेत. बोटांची सूज उतरलीय. झोपायला मात्र त्या अजून तळमजल्यावर जयसिंगरावांच्या बाहेरच्या खोलीतच असतात, वर स्वतःच्या घरी पाऊल टाकायला तयार नाहीत. किल्ली माझ्याकडे आहे. रोज संध्याकाळी मी तुमच्या देवापाशी दिवा लावून येतो.

फोनवर बोलणं होतंच, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. एक तांत्रिक शंका आहे. तू इस्पितळांमधून जनरेटर बसवतोस ना, खालच्या मजल्यावरच्या रोग्याची खाट हलू नये म्हणून तुम्ही त्याच्याखाली काय घालता? रबर घालता हे मला ठाऊक आहे. पण किती जाड, किती मऊ? मला एका सबवूफरसाठी हवंय.

एप्रिलमध्ये मी होम थिएटर घेतलं, हे तुला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मी सांगितलं नाही. अलकापुरीतल्या दुकानात आमची अवनी हट्टाला पेटली आणि निरुपमापेक्षा मीच आधी विरघळलो. पाच छोटे स्पीकर आणि एक काळा लाकडी खोका, तो सबवूफर. त्याचं काम नुसता खालचा आवाज काढायचं. तो कानाला कमी आणि पायाला जास्त कळतो. दुकानदार म्हणाला, "साहेब, खूणामां मूको, पछी जुओ." म्हणून कोपऱ्यात ठेवला. तो कोपरा म्हणजे बरोबर काकूंच्या स्वयंपाकघराच्या वर.

तो खोका वाजताना फरशीवर सरकायचा. आता माझी अठरा वर्षं पंपाच्या कारखान्यात गेली. आमच्याकडे मशीन हललं की फिटरची अब्रू गेली. पाया पक्का करा, बोल्ट आवळा, एवढंच आम्ही शिकलो. मी खोक्याखालचे रबराचे पाय काढून फेकले, लोखंडी पट्ट्या लावल्या आणि फरशीला भोकं पाडून चार बोल्टांनी तो जमिनीला जखडून टाकला. एका रविवारी, दुपारच्या जेवणानंतर. खोका जागचा हलेना. मी स्वतःवर बेहद्द खूष झालो.

तू हे वाचून कपाळाला हात लावला असशील. खोका हलेनासा झाला, म्हणून त्याची सगळी थरथर स्लॅबमध्ये गेली. हे मला नंतर सुचलं.

आता उपायाचं सांगतो. व्यायामाची रबरी चटई कापून चार थर घातले, फारसा फरक नाही. टेनिसचे चेंडू अर्धे कापून घातले, ते चेपले. शेवटी स्कूटरच्या चाकाची ट्यूब आणली, अर्धवट हवा भरली, वर फळी, फळीवर कडप्प्याची लादी आणि त्यावर खोका. निरुपमा म्हणाली, माणसाला मूळव्याध झाली तरी एवढी बडदास्त कोणी ठेवत नाही. पण ट्यूब चालली. ती चालली हे मला कसं कळलं, तेच लिहायचंय, आणि तेच मी सारखं पुढे ढकलतोय.

रविवारी काकूंच्या घरात दिवा लावला आणि तिथेच स्वयंपाकघरात बसलो. वर निरुपमाला सांगून ठेवलं होतं की सात वाजता तोच सिनेमा लाव, रणगाड्यांचा. तुला आठवतं ना, जानेवारीतल्या भूकंपानंतर काकूंनी ओट्यावर काय मांडून ठेवलं होतं? उलटा पेला, त्यावर दुसरा पेला, त्यावर वाटी. सगळ्या बडोद्यानेच मांडलं होतं. जमीन हलली की भांडी पडतील आणि आपण बाहेर पळू. बाकीच्यांनी मार्चपर्यंत भांडी आवरली. काकूंनी नाही. मी ती उतरंड तशीच पुन्हा मांडली आणि समोर पाटावर बसून राहिलो. ट्यूब असताना काही झालं नाही. मग वर जाऊन ट्यूब काढली, बोल्ट आवळले, खाली आलो. रणगाडे आले तशी वाटी किणकिणायला लागली, कडेकडेला सरकत गेली आणि खाली पडली.

हेरंब, बावीस एप्रिलला भूकंप झालाच नव्हता.

मी होतो तो. त्या दिवशी मी वर तोच रणगाड्यांचा सिनेमा लावला होता. काकू पोथी वाचत होत्या, भांडी पडली, त्या "भूकंप, बाहेर व्हा" ओरडत जिन्याकडे धावल्या आणि शेवटच्या सहा पायऱ्या घसरल्या. सगळी सोसायटी अंगणात जमली. जयसिंगराव आजही छातीवर हात ठेवून सांगतात की त्यांचा पंखा झुलत होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात काही नव्हतं, तर म्हणाले, नाना आंचका, म्हणजे छोटे धक्के, ते छापत नाहीत. मला त्याच रात्री शंका आली होती. पण इस्पितळात काकूंनी माझा हात धरून विचारलं, "मुकुंदा, तुलाही जाणवला ना रे धक्का? का मी म्हातारी उगाच घाबरले?" आणि मी म्हणालो, "जाणवला काकू."

त्या एका शब्दावर तू आईचं घर विकायचं ठरवलंस. सत्तावीस तारखेला तू येणार, कागदांवर सह्या होणार, काकू पुण्याला जाणार. चाळीस वर्षांचं घर, गुरुवारचं भजनी मंडळ, सगळं माझ्या चार बोल्टांपायी. मला जेवण जात नाही. निरुपमाला वाटतंय मला अ‍ॅसिडिटी आहे.

१६ मे, दुपार

काल इथवर लिहिलं आणि वाटलं, आधी काकूंना सांगायला हवं. तुला पत्र टाकून तोंड लपवणं सोपं होतं. सकाळी कामावर गेलो नाही. जयसिंगराव भाजी आणायला गेले तशी काकूंसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. रबराचे पाय, बोल्ट, वाटी. सांगताना मला रडू आलं, ते लपवत नाही.

त्यांनी प्लॅस्टरवरची धूळ झटकली. मग म्हणाल्या, "घर पक्कं आहे तर." मी म्हटलं, पक्कं आहे, आज रात्रीपासून वर झोपा, मी हेरंबला आजच कळवतो.

तशा त्या एकदम माझ्यावर डाफरल्या. "त्याला काही कळवू नकोस."

मी विचारलं का. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मुकुंदा, पाच वर्षं झाली त्याला पुण्यात घर घेऊन. दर दिवाळीला साडी पाठवतो, औषधं पाठवतो. 'आई, माझ्याकडे ये' असं कधी म्हणाला नव्हता रे. यंदा इस्पितळात म्हणाला. भूकंपामुळे का होईना, म्हणाला. आता ते काढून घेऊ नकोस."

मी त्यांना शब्द दिला. आणि आता हे पाकीट बंद करून स्टेशनवरच्या टपालात टाकायला निघालोय. एकदा बोल्ट आवळून त्यांचा हात मोडला, वर खोटं बोललो. दुसऱ्यांदा शब्द मोडतोय. त्या मला क्षमा करतील असं वाटत नाही, आणि तू तर नाहीच. ठीक आहे.

घर विकू नकोस, त्याला काही झालेलं नाही. चूक घराची नव्हती, माझी होती, आणि तो खोका मी कालच गोणपाटात बांधून माळ्यावर टाकला, तुझ्या उत्तराची वाट न पाहता.

पण सत्तावीसला ये. आता भूकंपाचं निमित्त उरलेलं नाही, हातही बरा होत आलाय, त्यांना पुण्याला बोलवायला तुला भाग पाडेल असं काहीही राहिलेलं नाही. तरीही काकूंना तेच वाक्य पुन्हा म्हण. त्या येतील किंवा नाही येणार, ते त्या ठरवतील. मी तुला हे सांगितलंय, एवढं मात्र त्यांना कळू देऊ नकोस.

तुझा, अजून म्हणू देणार असशील तर,
मुकुंद