शिडीवरचा माणूस

डुलुथ, २१ एप्रिल २०२०

मारित,

बरी आहेस ना? ड्यूटी संपल्यावर गालावरचे मास्कचे वळ उतरतात का? इकडे एप्रिल सरत आला तरी बर्फ पडतोय. माझं घरोघरी किराणा पोचवणं चालू आहे. आई म्हणते, "कॉलेज सोडलंस तेच बरं, नाहीतरी बंदच पडलं असतं."

नऊ तारखेला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझं सगळं फिरलं, ते सांगायला बसलोय. फोनवर बोललो तर पुन्हा काहीतरी विनोद करून सुटेन.

तू मला 'कंटाळलेलं अस्वल' या ऑनलाइन पानावरचे विनोद पाठवायचीस. "टोबी, हा बघ! आयसीयूबाहेर आम्ही सगळ्याजणी खिदळतोय!" ते अस्वल मीच. सांगितलं नाही, कारण तू त्याच्यावर खूश होतीस, माझ्यावर नव्हतीस. तू एकदा हसावंस म्हणून मी दिवसाला दहा विनोद रचत होतो.

मग तो फोटो. वृद्धाश्रमाच्या भिंतीला शिडी, डोळ्यांवर पोहायचा चष्मा, डोक्याला पिशवी बांधून दुसऱ्या मजल्याच्या काचेला चिकटलेला माणूस. खाली ओळ: 'दुकानांतून गायब झालेला टॉयलेट पेपर वर मिळतो म्हणे.' तीन लाख लोक हसले. तुझा निरोप आला, "ते माझे बाबा आहेत. हे कुणी केलं ते शोधून काढ."

बारा दिवस मी "शोधतोय" म्हणतोय.

चेहरा झाकलेला होता, ओळखलं नाही, असं इथे लिहिलं होतं. खोडलं. ओळखलं होतं. मार्चमध्ये ते मला दारातच म्हणाले होते, "पोरा, कॉलेज अर्धं सोडलंस, माझ्या मुलीचा नाद तरी पुरा सोड." माझं डोकं तेव्हापासून तापलेलं. गाडीतून ते दिसले आणि मी फोन काढला.

त्यांनी काचेला बदामची राणी टेकवली होती. आत भेटायला बंदी, म्हणून काचेतून तुझ्या आईशी पत्ते खेळत होते. ती राणी मी फोटोतून कापली. ती दिसली असती तर कुणी हसलं नसतं.

लोक गाड्या थांबवून बघायला लागले, तेव्हापासून तुझे बाबा तिकडे गेलेलेच नाहीत. काल मी तिथे दूध पोचवलं तेव्हा चार वाजत होते. तुझी आई खिडकीत बसली होती, हातात सहा पत्ते. तिथली बाई म्हणाली, "तिला आता नावंसुद्धा आठवत नाहीत. पण चार वाजलेले बरोबर कळतात."

पान बंद केलंय. शेजारच्यांची शिडी गाडीवर बांधलीय. आता तीन वाजलेत. तुझ्या बाबांकडे जातो आणि सांगतो, अस्वल मीच. शिव्या देतील, देऊ देत. मग म्हणेन, तुम्ही चढा, शिडी मी धरतो. कुणी फोन काढला तर त्याच्याकडेही मीच बघतो. नाही आले, तर उद्या तीनला पुन्हा.

तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, असं लिहिणार होतो. पण चालणार नाही.

पाकीट वाटेत पेटीत टाकतो. दार ओढून घेतो आता.

तू शोधायला सांगितलेला,
टोबी