नदीपलीकडच्या घराचा वारस

मी खाली सही करणारा, धंद्याने सुतार, वय ऐंशीच्या पुढे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने व कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "नदीपलीकडचा प्रांत परत घ्यावा की नाही?" मी म्हणालो, "नको." त्यांनी पेन खाली ठेवले. मग रक्तदाब पुन्हा तपासला आणि सही केली.

कलम १. राहते घर मुलीला. वरची खिडकी नीट लागत नाही. सुताराचे घर, चालायचेच.

कलम २. रंधे, पटाश्या, करवती जावयाला. त्याला अजून खिळा सरळ ठोकता येत नाही, पण विचारायची लाज नाही.

कलम ३. भाषणांसाठी करून दिलेला लाकडी मंच धाकट्या भावाकडेच राहावा. तो वकील आहे, शिवाय 'प्रांत परत आणा' मंडळाचा अध्यक्ष. प्रांत गेला तेव्हा तो आईच्या कडेवर होता आणि मी चालत आलो. म्हणूनच की काय, तिथले त्याला सगळे आठवते, मला थोडेच.

कलम ४. मागच्या खेपेस प्रांत परत आणायला आमचा मधला भाऊ गेला. प्रांत आला नाही, तोही आला नाही. आई पुढे कित्येक दिवस त्याचे ताट वाढत असे. त्याचे पदक मंडळाने कार्यालयात लावायला मागितले आहे. देऊ नये. मुलीने जपावे.

कलम ५. नदीपलीकडचे वडिलोपार्जित घर आपल्या कायद्याने अजून माझेच आहे. सरहद्द उघडली तेव्हा भावाला म्हटले, चल, बघून येऊ. तो म्हणाला, "दादा, आपल्याच घरी जायला त्यांचा शिक्का घ्यायचा?" मी घेतला.

दार एका नर्सबाईंनी उघडले. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी दार पूर्ण उघडले. मग म्हणाल्या, "आत या. मीही अशीच निघून आलेय. आमचं गाव आमच्या पलीकडच्या देशानं घेतलं."

"परत हवंय?"

"आमच्याकडेही मंडळ आहे. अध्यक्ष बोलतात छान."

निघताना त्यांनी विचारले, "तुमचे लोक येणार आहेत का हो? छपराचं काम यंदा काढू की थांबू, एवढंच ठरवायचंय."

मी म्हणालो, "काढा." आणि राहून वासे बदलून दिले.

सबब ते घर मी त्या नर्सबाईंना व त्यांच्यामागे त्यांच्या वारसांना कायमस्वरूपी देत आहे. उद्या आपल्या सैन्याने प्रांत जिंकलाच, तर आपल्याच कायद्याने त्यांना तिथून हलवता येणार नाही.

कलम ६. अंमलबजावणी धाकट्या भावाने करावी. मसुदा त्याला दाखवला.

"दादा, हा देशद्रोह आहे."

"तू वकील आहेस. कायद्यात काय बसत नाही ते सांग."

त्याने पुन्हा पुन्हा वाचले. मग चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाला, "'वारसांना'च्या पुढे 'कायमस्वरूपी' घाल. नाहीतर कोर्टात टिकायचं नाही."

घातले आहे.

साक्षीदार :
१. दाखला देणारे डॉक्टर (सही)
२. शेजारचा न्हावी (सही). उद्या 'परत घ्या'लाच मत देणार आहे, तरी सही केली.

लिहून देणार : सुतार (सही)
ठिकाण : माझी सुतारशाळा
दिनांक : प्रांताच्या मतदानाचा आदला दिवस