पंखाखालची पट्टी

४ मे, लातूर
प्रज्ञाचा फोन. "आई, आजपासून माझी सही." नांदेडला विमान तपासून 'जाऊ द्या' म्हणायचा अधिकार आता माझ्या लेकीला! आनंदानं सांजा केला. खाणारी मी एकटीच.

९ मे
प्र.ला विचारलं, काही बिघडलेलं असलं तरी विमान सोडता म्हणे? हसली. "ट्यूब गेली म्हणून तू स्वयंपाक थांबवतेस का? गॅसची नळी चिरली तर थांबवतेस. तसंच. कशाशिवाय उडायचं, किती दिवस, कोणत्या अटीवर, सगळं नियमात ठरलेलं. मनाचं काही नाही."
हे गेल्यावर आमचं घरही चाललंच की. अटी मात्र कुणी सांगितल्या नव्हत्या. असो.

१७ मे, नांदेड
प्र.च्या खोलीवर. नणंदबाई कमलताई चाकूरहून आल्या. उद्या दोघी हैदराबादला, त्यांच्या नातवाचं बारसं. माझं पहिलंच विमान. आणि प्र.चीच ड्यूटी!

१८ मे, हैदराबाद
आजचं आजच लिहून ठेवते.
विमान आलं ते पंखाखालची एक छोटी पट्टी कुठंतरी गळून. त्या पट्टीशिवाय उडायला परवानगी आहे, पण वजन कमी ठेवून. त्यात हे ऊन, तापल्या हवेत विमान वजन कमीच उचलतं म्हणे. कंपनीचा माणूस म्हणाला, दोघांनी उद्या जावं. एक पोरगा लगेच तयार झाला. मला वाटलं, लेकीचं काम सोपं करावं. हात वर केला.
तिथंच चुकलं. ताईंनी सकाळपासून अख्ख्या हॉलला सांगितलेलं, "ह्या इमानावर आमच्या पोरीची सही असती!"
मागून एक जण ओरडला, "आरं, इंजिनिअरची आईच थांबायली! काय तरी हाय!"
"मग आमीबी न्हाई जात."
बघता बघता निम्मा हॉल उभा. प्र. दारात. पिवळं जाकीट, हातांना ग्रीस. तिनं माझ्याकडं पाहिलं.
मी हात खाली घेतला. मोठ्यानं म्हणाले, "मी जायली. तपासणारी माझी लेक हाय."
ताई मटकन बसल्या. "मग मी ऱ्हाते, वैनी. मी एकटीच दोघांच्या वजनाची."
हॉल हसला. लोक एकेक करून रांगेत लागले. ताई मात्र नातवाच्या बारशाला मुकल्या. खिडकीतून त्या पट्टीची जागा शोधली, दिसली नाही. खाली प्र. दिसली, एवढीशी.
उतरल्यावर तिचा फोन. "आत्या माझ्या खोलीवर आहे, मलाच रागावतीय. आई, खरं सांग. भरवसा होता म्हणून बसलीस, की माझी लाज राखायला?"
"जेवलीस का?" मी विचारलं.
"आई, आधी उत्तर."