पंधरा दिवस पोहरा धरला न्हाई

दिंद्रुड,
दि. ११ मे २००४

प्रिय मुक्ताआक्कास,

छबूचा सप्रेम जय भीम. आमी सगळे इथं बरे हाय. दाजींची कंबर कशी हाय? दुकानातल्या फोनवर बोलायला गेलं की दुकानदारासकट अख्खी गल्ली ऐकती, म्हणून पत्र लिहिते.

दुष्काळाचं काय सांगू. टँकर एक दिवसाआड येतो, विहिरीत पाणी ओततो आन् निघून जातो. मग ज्यानं त्यानं आपलं शेंदून घ्यायचं. त्या गर्दीत तुझी बहीण उजव्या हातानं पोहरा ओढत होती. रागावू नको. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला जड लावू नको म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, मला ठावं हाय. पण हात सुजतो हे चारचौघीत सांगायचं म्हणजे परत सगळ्यांची नजर ब्लाउजवर. छाती काढून दोन वर्षं झाली, तरी बाया आधी तिकडं बघत्यात, मग तोंडाकडं.

आन् माया तरी कशी करावी माणसांनी! आमच्या महिला दूध संस्थेच्या अध्यक्ष सरूबाईनं माझं दूध तपासायचं काम दुसरीला देऊन टाकलं. "छबू, लई सोसलंस, आता आराम कर." आक्का, मशीनवर दुधाची फॅट काढायला कसला आला जोर? तेवढे दोन तास तर मी आजारी नसते.

मागल्या बैठकीत तोंड उघडलंच. म्हटलं, "सरूबाई, माझं काम मला द्या. माया आलीच असंल तर माझं पाणी तेवढं शेंदा." मग सरूबाई म्हणली, "अगं भवाने, हे आधी कावून बोलली न्हाईस?" दुसऱ्या दिवसापासून माझ्या दोन घागरी तीच भरून आणती. काम बी परत मिळालं. घरात ह्यांना वाटतं, मी आता खुशीत हाय.

आता खरं सांगते. काखेत एक गाठ लागतीय. हरभऱ्याएवढी. मार्चपासून. गाठ लागली तर त्याच दिवशी कळवीन, असं तुला दवाखान्यात वचन दिलं होतं, ते मी मोडलं. रोज मनाला सांगत होते, पोहरा ओढून ओढून आलीय, शीर ताणली असंल, ओढणं थांबलं की बसंल. एप्रिलची तपासणीची तारीख बी त्याच नादात घालवली.

आज पंधरा दिवस झाले, मी पोहरा धरला न्हाई. हाताची सूज उतरली. गाठ तिथंच हाय. सरूबाई घागर दारात ठेवती, "बरं वाटतंय ना गं?" म्हणती, आन् मी नुसती व्हय म्हणते. आता दोष द्यायला काईच राह्यलं न्हाई. लई भ्या वाटतंय, आक्का. आंघोळीला बसलं की हात आपोआप काखेत जातो.

सोमवारी सकाळच्या एसटीनं बीडला येते. ह्यांना सांगितलंय, संस्थेचं काम हाय. तू स्टँडवर उभी राहा. "काई होत न्हाई" असं म्हणू नको, मागल्या खेपेला बी तू तेच म्हणली होतीस. दवाखान्याच्या दारात मी माघारी फिरायला बघीन. डावा हात घट्ट धर आन् सोडू नको.

अजून उजव्या हातानंच लिहिणारी,
तुझी छबू