टमाट्याचा मोडलेला शेंडा

मंगळवार, सांजच्याला

नातसुनेनं आज परसातल्या टमाट्याची पानाच्या बेचक्यातली बगलफूट खुडता खुडता मधला शेंडाच मोडला. मी शेजारणीसमोर बोलले, "तुझ्या माहेरी, मंठ्यात, टमाटे दुकानातच उगवत्यात का गं?" पोरगी दुपारी जेवली न्हाई. बोलायचंच होतं, पर शेजारणीसमोर कशाला?

आत्ता तिला झाडापाशी नेलं. म्हनलं, "मोडल्याच्या खालची ही एक फूट राहू दे. हीच आता शेंडा होईल."

"आजी, तुम्हाला कसं ठावं?"

"नवी होते तवा म्याबी मोडल्ता. सासूला सांगितलं, बकरीनं खाल्ला."

"मंग बकरीला मार बसला आसंल?"

"बसला की. मी तोंड न्हाई उघडलं."

लई हासली. मंग भाकर मागितली.