बाराही चौकटींत तीच रेघ

सोमवार, ४ तारीख
नवी नोकरी, नवी खुर्ची, खिडकीतून छान ऊन. रुग्णालयातल्या बारा खाटांवरच्या पेशंटांच्या नाडीचे आलेख काढायचे, एका पानावर बारा चौकटी. डाव्या हाताचा खेळ! माझ्याआधीच्या गृहस्थाचा पायथन भाषेतला प्रोग्राम वाचून मात्र हसावं की रडावं कळेना. प्रत्येक चौकटीत पेशंटच्या निळ्या रेघेमागे तीच एक करडी रेघ, आणि त्यासाठी एकच ओळ बारा वेळा लिहिलेली. एकच ओळ हवी तितक्या वेळा चालवणारा लूप नावाचा प्रकार याच्या कानावरूनही गेला नसावा. वर शेरा: 'करडी रेघ पुसू नका.' भिंतीवरचं घड्याळही पाच मिनिटं पुढे. साधं घड्याळ लावता येत नाही, आणि हे लोकांचे प्राण वाचवणार.

मंगळवार, ५
त्या बारा ओळी उडवल्या. दोन ओळींचा लूप लिहिला, ज्याच्या त्याच्या चौकटीत ज्याची त्याची रेघ. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, करडी रेघ राहू द्यायला हवी होती. का, ते सांगेनात. सकाळी सव्वादहालाच डोकं फिरवलं बाईंनी. तुम्ही इंजेक्शनं द्या, म्हणून ओरडलोच त्यांच्यावर.

बुधवार, ६
करडी रेघ परत आली. बाराही चौकटींत. माझ्या लूपमध्ये ती नाही, कुठल्या फायलीत तिचे आकडे नाहीत. कुणीतरी थट्टा करतंय. पण एवढी अक्कल इथे आहे कुणाला? रेघ सोमवारी नऊला सुरू होते. रोज नऊला चढते, मी जिने चढतो तेव्हा. काल सव्वादहाला सुळका —

गुरुवार, ७
सिस्टरांनी आज सांगितलं. मी पुसलेली रेघ माझ्या आधीच्याची होती, त्याच्याच नाडीची. जिथे सपाट झाली, त्याच दिवशी, त्याच मिनिटाला, याच खुर्चीत तो गेला. ती पानावर आहे तोवर या खुर्चीतल्या दुसऱ्या कुणाची उमटत नाही, म्हणून त्यानेच बारा वेळा लिहून ठेवली होती. हे आधी सांगायला काय झालं होतं बाईंना! ओळी परत टाकल्या. उपयोग नाही. निळ्या रेघा आत्तापर्यंतच येतात, माझी करडी त्यांच्याही पुढे जाते. उद्या अकरा चाळीस. मग सपाट.

शुक्रवार, ८
बायको फोनवर रडली, घरी या म्हणाली. एका अडाण्याच्या रेघेला भिऊन पळू? फोन बंद, संगणक बंद. समोर फक्त भिंतीवरचं घड्याळ.

छाती धडधडतेय. भीती वाटतेय, फार —

अकरा एकोणचाळीस.

चाळीस.

एक्केचाळीस. बेचाळीस. चव्वेचाळीस. काही झालं नाही! लूप येत नाही त्याला, आणि म्हणे माझं मरण दाखवणार! आता सिस्टरांना बोलावतो, म्हणावं बघा बाई, आणि आधी हे घड्याळ — हे घड्याळ तर पाच मि